तोरा पाळायला सुरुवात कुठून करावी? मेसिॲनिक वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

तोरा म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, बायबलची पहिली पाच पुस्तकं. येशूला, म्हणजे त्यांच्या बोलीत येशुआला, इस्राएलाचा मशीहा मानणारे यहुदी आणि त्यांच्याबरोबर उपासना करणारे इतर राष्ट्रांतले विश्वासणारे यांना मेसिॲनिक म्हणतात. त्यांच्या मंडळ्या मुख्यतः इस्राएल आणि अमेरिकेत आहेत. अमेरिकेत १९१५ साली स्थापन झालेल्या 'हिब्रू ख्रिश्चन अलायन्स'ने १९७५ मध्ये स्वतःच्या नावात 'मेसिॲनिक ज्युइश' हे शब्द घेतले आणि तिथपासून हे नाव रुळलं. आपल्याकडची माणसं या वाटेवर येतात ती व्हिडिओ बघून, इस्राएलची यात्रा करून किंवा तिकडे नोकरीला असलेल्या नातलगाचं ऐकून. आली की पहिल्याच आठवड्यात शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) मागवतात, तालित (प्रार्थनेची शाल) मागवतात, दाढी राखायला लागतात. माझा सल्ला असा की पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका. घरात मराठी पवित्र शास्त्र असतंच, सुरुवातीला तेवढं पुरतं.

पायरी १: आधी सुटका, मग सीनाय

बायबलमधलं निर्गम उघडा आणि प्रसंगांचा क्रम बघा. चौदाव्या अध्यायात इस्राएल समुद्र ओलांडतो, सीनाय डोंगरावरच्या दहा आज्ञा येतात विसाव्यात. त्या आज्ञांचं पहिलं वाक्यही 'मी तुला मिसर देशातून बाहेर आणलं' असंच आहे. गुलामांना आधी सोडवलं आणि मग कसं जगायचं ते सांगितलं. अब्राहामाचंही तसंच. त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो उत्पत्ति १५ मध्ये आणि सुंता आली सतराव्यात. प्रेषित पौल रोमकरांस ४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवतो.

हे इतकं आधी सांगतोय, कारण इथे गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळला म्हणून तारण मिळेल, डुकराचं मांस सोडलं म्हणून देव जास्त प्रेम करील, असं वाटायला लागलं की गलतीकरांस पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचून काढा. पौल त्यात फार गोड बोलत नाही. मेसिॲनिक मंडळीत आज्ञा पाळायच्या त्या सुटका झालेल्या माणसाने, कृतज्ञतेपोटी.

पायरी २: आपण कोण, ते ठरवा

तुम्ही यहुदी घरात जन्मलात की नाही, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. नवीन माणूस नेमका हाच प्रश्न टाळतो.

प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेत बैठक भरली. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांची सुंता करावी का, त्यांच्यावर मोशेचं नियमशास्त्र पूर्ण लादावं का, हा वाद होता. निर्णय झाला की नाही. चार गोष्टींपासून मात्र त्यांनी दूर राहावं: मूर्तींना वाहिलेलं अन्न, जारकर्म, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि रक्त. लगेच पुढे याकोब म्हणतो की मोशेचं वाचन तर दर शब्बाथी प्रत्येक नगरातल्या सभास्थानात होतच असतं. या शेवटच्या वाक्यावर मेसिॲनिक जगात दोन तट आहेत. एक म्हणतो की चार गोष्टी ही फक्त सुरुवात, बाकीचं सगळे हळूहळू ऐकून शिकतील आणि पाळतील. दुसरा म्हणतो की करार इस्राएलाशी आहे, त्याच्या खुणा यहुद्यांच्या आहेत, बाकीच्यांनी नैतिक आज्ञा पाळाव्यात आणि उरलेल्यात आनंदाने सामील व्हावं, पण बंधन समजू नये. मला दुसरं पटतं. कृत्ये २१ मध्ये यरुशलेमेतले हजारो यहुदी विश्वासणारे नियमशास्त्राविषयी आवेशी असल्याचं सांगितलं आहे आणि पौल त्यांच्यासोबत मंदिरात जाऊन नवसाचा खर्चही करतो. तोच पौल परराष्ट्रीय तीताच्या सुंतेला ठाम नकार देतो. तीमथ्याची आई यहुदी, म्हणून त्याची सुंता मात्र स्वतः करवतो. माणूस कोण आहे ते बघून तो वागतो.

तेव्हा मराठी ख्रिस्ती घरातल्या पुरुषाने सुंतेच्या भानगडीत पडू नये. १ करिंथकरांस ७ मध्ये ज्याला ज्या स्थितीत बोलावलं त्याने त्याच स्थितीत राहावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. वस्त्राच्या कोपऱ्यांना लावायचे गोंडे, गणना १५ मधली आज्ञा, इस्राएल लोकांना उद्देशून आहे. काही मंडळ्यांत परराष्ट्रीयांनी ते घातलेले चालतात, काहींत आवडत नाहीत. तुम्ही जिथे जाता तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

पायरी ३: दर आठवड्याचा भाग वाचा

तोरा म्हणजे उत्पत्ति ते अनुवाद ही पाच पुस्तकं. सभास्थानांत ती ५४ भागांत वाटून वर्षभरात वाचून संपवतात. काही आठवड्यांत दोन भाग एकत्र वाचतात. मांडवांच्या सणानंतर अनुवाद संपतं आणि उत्पत्ति पुन्हा सुरू होतं. त्यासाठी ऑक्टोबरची वाट बघत बसू नका. या आठवड्यात जो भाग चालू आहे तिथूनच सुरू करा. भागांचं वेळापत्रक इंटरनेटवर सहज मिळतं. नोहाचा भाग उत्पत्ति ६:९ ते ११:३२, अब्राहामाचा पहिला भाग १२ ते १७, असे अध्यायांचे आकडे घेऊन मराठी बायबलमध्ये वाचायचं. सोबत संदेष्ट्यांमधला नेमलेला उतारा असतो आणि मेसिॲनिक मंडळ्या त्याला शुभवर्तमानातला एखादा भाग जोडतात.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. इब्री बायबल आणि आपलं मराठी बायबल यांत काही ठिकाणी अध्याय वेगळ्या जागी तुटतात. लेवीय ५ आणि ६, गणना १६ आणि १७, अनुवाद १२ आणि १३ या जागी वचनांचे आकडे जुळणार नाहीत. छापण्यात चूक झाली आहे असं समजू नका, मागेपुढे बघा, मजकूर सापडतो.

वाचनाबरोबर सकाळ-संध्याकाळ अनुवाद ६:४-९ म्हणा. हाच शेमा. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने यानेच सुरुवात केली (मार्क १२:२९). मराठीत म्हटला तरी चालतो. इब्रीत म्हणायची हौस असेल तर सहा शब्दांची पहिली ओळ पाठ करा आणि बाकीचं मराठीतच राहू द्या.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आठवण इथे होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, पण शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम त्यांनी टिकवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ते यहुदी आहेत, मेसिॲनिक चळवळीशी त्यांचा संबंध नाही, हे लक्षात असू द्या. पण मराठी घरात या गोष्टी कशा बसतात, ते त्यांच्या स्वयंपाकघराइतकं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

पायरी ४: लेवीय १९ हा अध्याय महिनाभर जगून बघा

मला विचाराल तर खरी सुरुवात इथे आहे. परंपरेत एकूण आज्ञा ६१३ मोजतात. त्यांतल्या पुष्कळ मंदिर, याजक आणि यज्ञ यांच्याशी बांधलेल्या आहेत आणि मंदिर तर इ. स. ७० मध्ये पडलं. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या ६१३ आज्ञा आज कोणीही पाळत नाही, पाळू शकतही नाही. लेवीय १९ मधल्या पुष्कळशा मात्र आज संध्याकाळपासून पाळता येतात आणि त्यासाठी ना इब्री यावं लागतं, ना तालित लागतं.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये (१९:१३). अनुवाद २४:१५ म्हणतं की सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. घरी रंगारी आला, प्लंबर आला, शेतावर बायका खुरपायला आल्या, की 'पुढच्या आठवड्यात बघू' हे वाक्य बंद. नेट नव्हतं, सुटे नव्हते, ही कारणंही बंद. पैसे आधी काढून ठेवायचे.

दुकान असेल तर वजनं आणि मापं तपासा (१९:३५-३६). मापात पाप हे आपल्याकडे म्हणीपुरतं राहिलंय. अनुवाद २५:१३ मध्ये पिशवीत घ्यायचं एक आणि द्यायचं एक अशी दोन वजनं ठेवण्यालाही मनाई आहे. दुकान नसणाऱ्यांनी आपलं बिल, प्रवासभत्ता आणि जागेचं क्षेत्रफळ कसं मांडतो ते बघावं.

शेत असेल तर कडेचं पीक काढू नका, सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी आहे (१९:९-१०). शहरात शेत नसतं. तिथे काही कुटुंबं पगारातला ठरलेला भाग आधीच बाजूला काढतात आणि तो कुणाला गेला हे मंडळीत बोलत नाहीत. चहाड्या करत फिरू नये, हे १९:१६ मध्ये आहे. व्हॉट्सॲपवरचं 'आला तसा पाठवला' यातच बसतं. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहावं (१९:३२), हे लोकल गाडीत रोज करता येतं. आणि १९:३४ म्हणतं की तुमच्यात राहणाऱ्या परक्याला स्वतःसारखं माना. नाक्यावर काम शोधणारा परप्रांतीय मजूर डोळ्यांसमोर ठेवून ते वाचा, मग कळतं ही आज्ञा किती जड आहे.

याच अध्यायात 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वचन आहे (१९:१८). येशूने शेमाबरोबर दुसरी आज्ञा म्हणून निवडलं ते हेच. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना तो मत्तय २३:२३ मध्ये चांगलंच झापतो, पण दशमांश सोडा असं काही म्हणत नाही.

जाता जाता अनुवाद २२:८ पण बघा. घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कुणी पडेल आणि रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. गच्चीचा कठडा नीट आहे का, विहिरीला जाळी आहे का, लिफ्टचं दार बिघडलंय का, हे बघणंही तोरा पाळण्यात येतं.

पायरी ५: शब्बाथ

शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, शनिवारी तीन तारे दिसले की संपतो. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला होतो, जुलैत सव्वासातच्या पुढे, तेव्हा दर आठवड्याची वेळ बघावी लागते. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, परंपरेत मनाई असलेल्या कामांचे ३९ प्रकार आहेत. ती यादी घेऊन बसलात तर पहिल्याच शनिवारी घरात भांडण होईल. शुक्रवारच्या संध्याकाळपासून सुरुवात करा.

बाजारहाट गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारपर्यंत. भात, रस्सा, भाजी सूर्यास्ताआधी करून हॉटपॉटमध्ये ठेवा. निर्गम १६ मध्ये मान्न्याच्या, म्हणजे रानात देवाने दिलेल्या अन्नाच्या, बाबतीत हेच सांगितलं आहे: भाजायचं ते आज भाजा, शिजवायचं ते आज शिजवा. सूर्यास्ताआधी दोन दिवे लावा. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद म्हणा. टेबलावर दुप्पट मान्न्याची आठवण म्हणून दोन भाकरी किंवा दोन पाव ठेवा. द्राक्षारस नको असेल तर बेने इस्राएल घरांतली रीत सोपी आहे. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर ते किद्दुश, म्हणजे शब्बाथाचा आशीर्वाद, म्हणतात. मग जेवण, आठवड्याचा भाग, गप्पा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

शनिवारी मंडळीची उपासना असेल तर जा, नसेल तर घरी वाचा, झोपा, पोरांबरोबर चाला. शेवटी लवंग-दालचिनीचा वास घेऊन आणि वेणी घातलेली मेणबत्ती लावून दिवस संपवतात, त्याला हवदाला म्हणतात.

निर्गम २०:१० कडे नवीन लोकांचं लक्ष जात नाही. विसावा फक्त घरमालकाचा नाही. दास, दासी, गुरं आणि वेशीतला परका, या सगळ्यांचा आहे. अनुवाद ५ मध्ये तर कारणच दिलं आहे की तूही मिसरात दास होतास. म्हणून शनिवारी घरकामाला येणाऱ्या मावशींना सुट्टी द्या, आणि तीही पगारी. आपण विसावा घेत बसायचं आणि डिलिव्हरीच्या पोराला जिने चढायला लावायचे, हे या वचनात बसत नाही.

नोकरीचं काय, हा प्रश्न येतोच. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे तिथल्या पुष्कळांना शनिवार मोकळा मिळतो. कारखान्यात, दुकानात, शाळेत तसं नाही. मी कुणालाही शब्बाथासाठी राजीनामा द्यायला सांगत नाही. शुक्रवारची संध्याकाळ धरा, पाळी बदलून मिळते का बघा, वरिष्ठांशी सरळ बोला. नर्स किंवा डॉक्टर असाल तर जीव वाचवणं शब्बाथापेक्षा मोठं, यावर रब्बींचंही एकमत आहे, आणि येशूने तर शब्बाथी बरं करून दाखवलं.

रविवारची चर्चची उपासना सोडायची गरज नाही. शनिवारी विसावा घेतलेला माणूस रविवारी चर्चमध्ये बसू शकतो.

पायरी ६: ताटात काय

लेवीय ११ आणि अनुवाद १४ वाचा. जमिनीवरचा प्राणी दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा हवा: बकरा, मेंढा चालतो, डुक्कर नाही. पाण्यातला मासा पर आणि खवले असलेला हवा. रावस, पापलेट, बांगडा, रोहू चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल, मोरी ताटाबाहेर. कोकणातल्या माणसाला डुकरापेक्षा कोळंबी सोडणं जड जातं, हे ठाऊक आहे.

रक्ताची गोष्ट वेगळी. ती कृत्ये १५ च्या चारांत आहे, म्हणजे परराष्ट्रीयांनाही सांगितलेली. बकऱ्याची रक्ती खाणं थांबवा. मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मिठात ठेवून नीट धुवायचं, ही यहुदी घरांतली पद्धत आहे. जत्रेचं मटण आणि प्रसाद हाही त्याच चारांतला प्रश्न. हात जोडून, हसून, शांतपणे नाही म्हणा. देणाऱ्याच्या श्रद्धेवर भाषण देऊ नका. ते प्रेमाने देत असतात.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, हे तोरा तीनदा सांगते. रब्बींनी त्यावरून मांस आणि दूध पूर्ण वेगळं केलं. मेसिॲनिक घरांत यावर एकवाक्यता नाही. दही न घालता मटण करायचं असेल तर बेने इस्राएल नारळाचं दूध वापरतात आणि कोकणी माणसाला त्यात नवीन काही नाही.

सासूबाईंनी कोळंबीभात केला असेल तर तिथे लेवीय ११ काढू नका. भात-आमटी मागून घ्या. रोमकरांस १४ अशाच वेळेसाठी आहे.

पायरी ७: सण, पण पहिल्या वर्षी एकच

लेवीय २३ मध्ये सगळे आहेत: वल्हांडण (मिसरातून सुटकेची आठवण) आणि बेखमीर भाकरीचा सण, सप्तकांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण. महिने चांद्र आहेत आणि आपल्यासारखाच अधिक महिना येतो, १९ वर्षांत ७ वेळा. म्हणून वल्हांडण पौर्णिमेला येतो, पुष्कळदा चैत्री पौर्णिमेलाच.

पहिल्या वर्षी वल्हांडण धरा. घरातला खमीर काढायचा, म्हणजे गहू, जव, ओट यांसारख्या पाच धान्यांपासून केलेले आंबलेले पदार्थ: पाव, बिस्किटं, खारी. तांदूळ बेने इस्राएल खातात, युरोपातले यहुदी परंपरेने टाळतात. ज्वारी-बाजरी त्या पाचांत येतच नाही. बेखमीर भाकर घरी करायची तर चपातीची कणीक मुरत ठेवायची सवय मोडावी लागते. रब्बींच्या हिशेबात पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भाजून झाली पाहिजे. सात दिवस पाव नाही, एवढंही पहिल्या वर्षी पुरे. त्या रात्री निर्गम १२ आणि लूक २२ लागोपाठ वाचा.

अंगणात कोकरू मात्र कापू नका. अनुवाद १६:५-६ प्रमाणे वल्हांडणाचा यज्ञ देवाने निवडलेल्या जागीच करायचा असतो आणि ती जागा तुमचं गाव नाही.

कोणापासून जपावं, कोणाशी जपून वागावं

इंटरनेटवर पौलाला खोटा ठरवणारे, देवाच्या नावाचा एकच उच्चार केला तरच प्रार्थना पोचते म्हणणारे, तुमच्या पाळकांना मूर्तिपूजक म्हणणारे गुरू भेटतील. त्यांची पुढची पायरी बहुधा येशूलाच सोडण्याची असते. तुमच्या पाळकांना तुम्ही काय वाचताय ते स्वतःहून सांगा, दुसऱ्याकडून कळण्याआधी.

यहुदी शेजाऱ्यांशी वागताना आणखी जपा. बहुतेक यहुदी समाज मेसिॲनिक विश्वासाला यहुदी धर्म मानत नाही. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ मध्ये अशा विश्वासणाऱ्यांना परतीच्या कायद्याचा, म्हणजे यहुदी म्हणून इस्राएलात येऊन नागरिक होण्याचा, हक्क नाकारला. यहुद्यांच्या या दुखण्यामागे शतकानुशतकांची सक्तीची धर्मांतरं आहेत. मुंबईतलं शार हरहमीम, १७९६ सालचं सभास्थान, बघायला जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, डोकं झाका, स्वतःला यहुदी म्हणवू नका, पत्रकं वाटू नका.

दुसऱ्या वर्षी मांडव घालायचा असेल तर

त्याचं छप्पर झाडपाल्याचं हवं: नारळाच्या झावळ्या, केळीची पानं, उसाची वाढी. सावली जास्त पडावी, पण फटींतून तारे दिसावेत. वर पत्रा किंवा ताडपत्री चालत नाही. गच्ची सोसायटीची असेल तर सेक्रेटरीकडून आधी लेखी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलवा, म्हणजे तक्रार येत नाही. सण सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, तेव्हा परतीचा पाऊस गाठणारच. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, त्याची सोय आहे: पानातली पेज पावसाने बिघडायला लागली की उठून घरात जाता येतं.